ऐंशीवरून शून्य

३ फेब्रुवारी

प्रिय हँडब्रेक,

एवढ्या वर्षांनी हातानं लिहिलेलं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझा फोन लागेना तेव्हा तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, चाचणीचा हंगाम सुरू झाला की ह्यांचे फोन गेटवर जमा, नव्या गाड्यांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. पण पत्र पोचतं. तर हे पत्र.

आमची गाडी आता संपत आली. तीच, बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची, शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असलेली. स्कूल बंद झालं, पाटी काढली, तरी रस्त्यात लोक अजून तिच्यापासून लांब राहतात. मेकॅनिक म्हणाला, "मास्तरांना सांगा, हिला मीच आता दत्तक घेतो." नवी घ्यायची हे बाबांनाही पटलंय. पण कुठली, ह्यावर ते एक अक्षर बोलत नाहीत. बाबा, आणि गाडीवर बोलत नाहीत! म्हणून मीच तुमचे आकडे छापणारं ते गाड्यांच्या तुलनेचं मासिक आणलं आणि त्यातला तक्ता कटिंग टेबलावर पसरून बसले.

अरे, काय आहे ते? मला कपड्यातली मापं कळतात. छाती चाळीस, उंची अठ्ठावीस म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, पोट सुटलंय का तेही दिसतं. इथे चार पानं आकडे वाचूनही गाडी दिसेना. टॉर्क हा शब्द मी मोठ्यानं वाचला, तर आमची इस्त्रीवाली म्हणाली, "खोकल्याचं औषध आहे का?"

मला दोनच गोष्टी सांग. सगळ्यात कमी जागेत कुठली गाडी थांबते? आणि चालवणाऱ्याकडून जरा उशीर झाला, तर सांभाळून घेणारी कुठली? वेग, गाणी, चकाकणारी चाकं, काही नको.

बाबांना ह्यातलं काही कळू देऊ नकोस. घरी नको, माझ्या युनिफॉर्मच्या कारखान्यावर लिही. ते तसे मजेत आहेत. सकाळी मला सोडतात, संध्याकाळी न्यायला येतात. हल्ली ब्रेक दाबायच्या आधी एकदा खाली पायाकडे बघतात. मॅट सरकत असेल.

तुझी,
कात्री


१४ फेब्रुवारी

प्रिय कात्रीताई,

तुझं पत्र आलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी पाकीट हातात घेऊन पाहिलं. इथे पत्र फक्त बँकेचं येतं.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. एका सरळ रस्त्यावर गाडी पळवायची, थांबवायची, आकडा लिहायचा, वळवायची, पुन्हा पळवायची. बायको म्हणते, "एवढं चालवता आणि पोचत कुठेच नाही."

तुला परवडतील अशा तीन गाड्या त्या मासिकात आहेत. नावं पत्रात लिहायची नाहीत असा इथला नियम, म्हणून फोटोतल्या रंगांवरून सांगतो.

लाल. शून्यावरून शंभरचा वेग साडेनऊ सेकंदांत. ऐंशीवरून शून्यावर यायला चोवीस मीटर, तिघींत सगळ्यात कमी. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. पांढरीला शंभर गाठायला अकरा सेकंद, थांबायला सव्वीस मीटर. हिच्यात खोट काढता येत नाही आणि कौतुकही सुचत नाही. राखाडी शंभरला पोचायला सोळा सेकंद घेते, तेवढ्यात शेजारच्या माणसाशी ओळख होऊन भांडणही होईल. थांबायला एकोणतीस मीटर. पण क्लच लोण्यासारखा, सीट वर होते, बॉनेटचं टोक दिसतं, आणि कशीही चालवा, इंजिन चटकन बंद पडत नाही.

आता खरं सांग ताई. कमी जागेत थांबणारी, उशीर झाला तर सांभाळून घेणारी, आणि वर बाबांना कळू द्यायचं नाही! तू गाडी शिकतेयस! मामांनी सगळ्या गावाच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि घरातली राहिली, ह्याचं मला नेहमी नवल वाटायचं. मी मामांपुढे अवाक्षर काढणार नाही. कुणाकडे लागलीस? शिकणाऱ्याला राखाडीच बरी. ब्रेकचे पाच मीटर विसर, तू कुठे ऐंशीनं जाणार आहेस?

आणि मॅट सरकत असेल तर खालून दोन टाके घाल. शिलाईवालीच्या घरात मॅट सरकतं म्हणजे काय!

तुझा,
हँडब्रेक


१६ फेब्रुवारी

चि. हँडब्रेक,

तुझी नोकरी आणि तब्येत दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. विषयावर येतो.

नवी गाडी घ्यायची आहे. सगळ्या गाड्या तुझ्या हाताखालून जातात, तेव्हा मासिकवाले जे छापत नाहीत ते तू सांगशील. मला हवं आहे ते असं. शून्यावरून शंभरला जायला सगळ्यात जास्त वेळ कुठली गाडी घेते? जास्त म्हणतोय, कमी नव्हे. घाईघाईत उलटं वाचायची तुझी जुनी खोड आहे. क्लच हलका कुठला? पाच फूट उंचीच्या माणसाला सीट वर केल्यावर बॉनेटचं टोक दिसेल का? चढावर ब्रेक सोडला की मागे घरंगळते का? पाय धसमुसळा पडला तर लगेच उसळी घेते का?

ब्रेकबद्दल विचारत नाही. हल्ली सगळ्यांचेच चांगले असतात.

हे तुझ्यामाझ्यात. तुझ्या ताईला कळलं तर ती टेप घेऊन गाडीचं माप काढत बसेल. उत्तर मेकॅनिकच्या गॅरेजवर पाठव, पत्ता पाकिटामागे आहे. मी उत्तम आहे. गाडी रोज चालवतो.

मामा


२७ फेब्रुवारी

ती. मामांना भाच्याचा नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, माझी खोड ध्यानात घेऊन. दोन्ही वेळा तेच वाचलं गेलं. मामा, इथे एवढी वर्षं काढली, पण 'सगळ्यात हळू कुठली' असं विचारणारे तुम्ही पहिलेच. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "त्या गृहस्थांना गाडी नकोय, झोपाळा हवाय."

तुमच्या हाताखाली शिकलो म्हणूनच बोलायचं धाडस करतो. गुडघे दुखतात का? वयानं माणसाची उंचीही जराशी उतरते, त्यात लपवायचं काय? पण मग हलका क्लच कशाला, क्लचच नसलेली घ्या. लाल गाडी बघा. डाव्या पायाला कायमची सुट्टी. सगळा कारभार उजव्या पायावर सोपवा आणि निवांत बसा. उचल जबरदस्त आहे, बोट लावलं की पळते. तुम्ही काय शिकाऊ आहात वेगाला घाबरायला?

ताईला कळणार नाही. आपल्या घरात माझ्याइतका तोंडाचा पक्का माणूस नाही.

तुमचा,
हँडब्रेक


१ मार्च

प्रिय हँडब्रेक,

मी गाडी शिकत नाहीये. कुणाकडेही लागलेली नाही. माझ्या पत्रातून तुला हे कुठे दिसलं ते मी तीनदा शोधलं. डाव्या हाताचा गिअर आणि उजव्या पायाचा ब्रेक ह्यांचं काय नातं असतं तेही मला ठाऊक नाही, आणि आता ह्या वयात जाणून घ्यायचंही नाही.

पण तुझे आकडे मी गंभीरपणे घेतले. चोवीस मीटर आणि एकोणतीस मीटर म्हणजे नक्की किती, ते कागदावर कळेना. मग जेवणाच्या सुट्टीत कापड मोजायची लांब टेप घेऊन मी आणि इस्त्रीवाली कारखान्याच्या गल्लीत गेलो. तिनं दारात एक टोक धरलं, मी चालत गेले. चोवीसला खडूची रेघ मारली, ती पानाच्या टपरीच्या जरा अलीकडे आली. एकोणतीसची रेघ थेट कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या फाटकासमोर. मधल्या पाच मीटरांत आमची सगळी शिवणाची खोली मावेल. मी त्या दोन रेघांच्या मध्ये बराच वेळ उभी राहिले. इस्त्रीवाली ओरडली, "ताई, शर्ट शिवताय का तंबू?"

म्हणून लाल. तिला क्लचही नाही म्हणतोस, म्हणजे एक काम कमी. पण मला एक समजत नाही. आम्ही कापड बेतताना मापाबाहेर थोडी माया सोडतो. शिलाईसाठी, माणसाला हात हलवता यावा म्हणून, उद्या जाड झाला तर उसवून मोठं करता यावं म्हणून. नुसत्या अंगाच्या मापाचा शर्ट कुणालाच घालता येत नाही. तुमच्या ह्या चोवीस मीटरांत माया धरलेली आहे की नाही? ते तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही.

कुणासाठी घेतेय ते विचारू नकोस. मॅट मी शिवून टाकलं. बाबा तरीही खाली बघतात. मी आता सिग्नल जवळ आला की उगाच काहीतरी बोलते. "अरे वा, लाल लागला!" असं. जणू मला त्या सिग्नलचं फार कौतुक आहे. मग त्यांचा पाय जातो.

तुझी,
कात्री


५ मार्च

चि. हँडब्रेक,

लाल गाडी तुलाच लखलाभ. उजव्या पायावर कारभार सोपवायचा सल्ला मी मागितला नव्हता. माझे गुडघे शाबूत आहेत आणि उंची तू शेवटची पाहिलीस तेवढीच आहे.

मी बोट लावताच पळणारी गाडी मागितली होती का? पुन्हा लिहितो. हळू. जिला वेग यायला इतका वेळ लागतो की मध्ये माणसाला एक वाक्य पुरं बोलता येईल. गाडी माझ्या दृष्टीनं बघू नकोस, शिकाऊ माणसाच्या दृष्टीनं बघ. कोण, कशासाठी, हे विचारायचं नाही.

मामा


१२ मार्च

प्रिय कात्रीताई,

मी आता पार चक्रावलोय. दिवसभर गाड्यांचं मोजमाप करतो, त्यात अर्ध्या मीटरचाही घोळ होत नाही. संध्याकाळी तुमच्या घरची पत्रं उघडतो आणि काही म्हणजे काही जुळत नाही.

तू म्हणतेस शिकत नाही. ठीक. तुला चटकन थांबणारी हवी. आणि दुसऱ्या कुणाला, कुणाला ते मी सांगणार नाही, वचन दिलंय, उशिरा पळणारी हवी. दोन्ही गोष्टी एका गाडीत नाहीत. लाल थांबते पण पळतेही. राखाडी पळत नाही पण थांबतही नाही. मी इथे एक कोरा तक्ता आखून तिघींना दोघांच्या हिशेबानं गुण दिले. एकदा लाल पहिली आली, एकदा शेवटची. पांढरी दोन्हीकडे मधेच. माझ्याबरोबर गाडीत बसणारा सहकारी म्हणाला, "एकाच घरात दोन गाड्या घेतायत का?"

एवढंच सांगतो, आणि हेही सांगायला नको होतं. मामांना सगळं कळलंय. तू काय करतेयस ते त्यांनी ओळखलंय असं त्यांच्या... असं मला वाटतं. तेव्हा लपवाछपवी सोड आणि त्यांच्याशी सरळ बोल.

तुझा,
हँडब्रेक

मायेबद्दल विचारलंस ते नीट समजलं नाही. पुन्हा वाचतो.


२ एप्रिल

प्रिय हँडब्रेक,

आधी हे, की कुणाला काहीही लागलेलं नाही.

'मामांना सगळं कळलंय' हे तुझं वाक्य वाचून मी घाबरले. मला वाटलं, मी त्यांच्या पायाकडे बघते, सिग्नलची आठवण करून देते, हे त्यांनी ओळखलं. विचार कर, ज्या माणसानं सगळ्या गावाला ब्रेक दाबायला शिकवलं, त्याला मुलगी हळूच ब्रेक शिकवतेय. मला लाज वाटली. मी बोलायचं सोडलं. खिडकीबाहेर बघत बसायला लागले.

सरळ बोल म्हणालास. मी बोलायला गेलेही एकदा. म्हटलं, "बाबा, तुम्हाला काही सांगायचंय का मला?" ते म्हणाले, "मला? तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ते मला न्यायला आले. मी मागच्या खोलीत हात धूत होते. रोज गाडी दारासमोर थांबल्याचा आवाज येतो, त्या दिवशी आवाज थांबला नाही, वाढला. पुढे आले, तर शटर आत वाकलेलं आणि आपल्या गाडीचं तोंड कटिंग टेबलापाशी. खाकी कापडाची ठाणं दाराशी रचलेली होती, त्यांच्यात ती रुतून थांबली. बायका नुकत्याच गेल्या होत्या. टेबलाच्या त्या बाजूला मी दिवसभर उभी असते.

बाबा स्टिअरिंग धरून बसले होते. म्हणाले, "पाय घसरला." मग दार उघडून उतरले, ठाणं बघितली, वाकलेलं शटर बघितलं, मेकॅनिकला फोन लावला, सगळं अगदी नेहमीसारखं. आणि हँडब्रेक, त्यांच्या उजव्या पायात बूट नव्हता. तो आत अगदी उजवीकडच्या पेडलखाली अडकून राहिला होता. लोखंडाचे तुकडे पडलेल्या जमिनीवर ते नुसत्या मोज्यानं चालत होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं. मी बूट काढून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ते कितीतरी वेळ बुटाकडे बघत राहिले, मग पायाकडे.

तर आता सांगते. गाडी त्यांच्यासाठी होती. ती सोडा असं मला म्हणवत नव्हतं. आई गेल्यावर आणि स्कूल बंद झाल्यावर त्यांच्याकडे उरलंय काय, सकाळ-संध्याकाळ मला नेणं-आणणं एवढंच. मला वाटलं, गाडीच अशी घेऊ की त्यांच्या हातून चुकलं तरी ती चुकणार नाही.

सरळ उत्तर दे. लाल असती तर थांबली असती का?

कात्री


३ एप्रिल

चि. हँडब्रेक,

एक प्रसंग घडला, तो तुला तिच्याकडून कळेलच. पाय घसरला नाही. खोटं बोललो.

वर्ष झालं. उजव्या तळव्याला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे नसा गेल्या, परत यायच्या नाहीत. पाय चालतो, दाबतो, पण कशावर आहे ते मला डोळ्यांनी बघावं लागतं. तेव्हाच सोडायला हवी होती. पण मी ठरवलं, तिला शिकवायची आणि मग सोडायची. मी थांबलो आणि ती शिकलेली नसली, तर ह्या घरातलं चाक बंद. आयुष्यभर तिला म्हणत आलो, "तू कशाला शिकतेस, मी आहे ना." हे वाक्य आता मला पुरतं महागात पडतंय.

शिकवणाऱ्याचा सगळा मान त्याच्या पायात असतो. शिकाऊ चुकला की शेजारून आपला ब्रेक पडतो, म्हणून तो निर्धास्त चुकू शकतो. माझा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवला काय आणि उशीवर ठेवला काय. म्हणून तुझ्याकडे हळू गाडी मागत होतो. वेग यायच्या आत निदान माझा आवाज तिच्यापर्यंत पोचावा. झोपाळा म्हणाले ना तुझे साहेब, तसंच काहीतरी.

तिला सांगू कसं? तिला वाटेल, आता ह्यांचंही सगळं माझ्यावर पडणार. त्या संध्याकाळी बूट हातात घेऊन उभी होती तेव्हा काही बोलली नाही. मला वाटतं तिला कळलेलं नाही. तूच काहीतरी सांगून तिला शिकायला तयार कर. माझं नाव घेऊ नकोस.

त्या दिवसापासून मी चालवलेली नाही. तिला म्हणालो, गाडी गॅरेजमध्ये आहे. ते खरंच आहे.

मामा


९ एप्रिल

मामा आणि ताई,

पाकिटावर दोघांची नावं आहेत. कारखाना नाही, गॅरेज नाही, घराचा पत्ता. एकट्यानं फोडलं असेल तर दुसऱ्याला हाक मारा आणि मग पुढचं वाचा.

तोंडाचा पक्का माणूस म्हणून मी आज राजीनामा देतो. ताई, तुझी पत्रं मामांसाठी, मामा, तुमची ताईसाठी, सोबत जोडली आहेत. दोघांनी मला गप्प बसवलं आणि मी बसलो, आणि बसल्या बसल्या सगळं उलटं समजलो. मला वाटलं ताई लपून शिकतेय आणि मामांना गुडघ्यांसाठी मऊ गाडी हवीय. मामा, मी तुम्हाला सगळा कारभार उजव्या पायावर सोपवा असं लिहिलं. ताई, तुला लिहिलं 'मामांना कळलंय', आणि तू गप्प झालीस. मी हे सगळं प्रेमानंच करत होतो, तरी ते तसं झालं.

आता ताईच्या प्रश्नाचं उत्तर. लाल थांबली नसती. ब्रेक दाबलाच गेला नव्हता, तर ती कशी थांबेल? आणि तो बूट ज्या पेडलखाली होता, ते अ‍ॅक्सिलरेटरचं; लालमध्ये ते दाबलं असतं तर खाकीची ठाणं पुरली नसती.

तू विचारलं होतंस, चोवीस मीटरांत माया धरलीय का. नाही धरलेली. हे मी रोज करतो आणि तू विचारेपर्यंत माझ्या कधी मनात आलं नाही. आमचं मोजमाप सुरू होतं ते पाय ब्रेकवर पडल्या क्षणापासून. त्याच्या आधीचं आम्ही मोजत नाही. चालवणारा दचकला, विचारात होता, खाली बघत होता, ते काहीच नाही. ऐंशीच्या वेगानं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. पायाकडे अर्धा सेकंद बघितलं की अकरा मीटर गेले. तू गल्लीत रेघा मारून जे पाच मीटर वाचवत होतीस ना, ते तेवढ्यात दोनदा खर्च झाले. आमच्या तक्त्यात गाडीचं सगळं असतं, माणूस नसतो. तिथे बसलेला असतो मी, झोप झालेला, दोन्ही पाय धड, समोर रिकामा रस्ता.

त्यामुळे लाल, पांढरी, राखाडी, तिन्ही सध्या बाजूला ठेवा. चालवणार कोण ते आधी ठरवा. त्याचा आकडा माझ्याकडे नाही.

शिव्या एकत्र पाठवल्या तरी चालतील.

हँडब्रेक


३० एप्रिल

प्रिय हँडब्रेक,

तुझं पाकीट आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून फोडलं. त्यांनी माझी पत्रं घेतली, मी त्यांची. वाचताना कुणीच वर बघितलं नाही. मी 'माझा आवाज तिच्यापर्यंत पोचावा' इथे आले तेव्हा समोरून बाबा म्हणाले, "अक्षर सुधार जरा. हे काय, 'सिग्नलचं फार कौतुक'?" चष्मा पुसत होते. मग मोठं भांडण झालं. तुम्ही मला का नाही सांगितलं, तू मला का नाही सांगितलंस, ह्या दोनच वाक्यांचं. बरेचदा आम्ही दोघं एकदमच तेच वाक्य बोलायचो आणि मग कुणाची पाळी आहे ते कळायचं नाही.

मी म्हटलं, मला नाही जमणार, माझं वय बघा. ते म्हणाले, "माझ्या वयाचं तू आतापर्यंत बघत होतीस, आता तुझं मी बघतो." मेकॅनिकनं जुन्या गाडीचे ब्रेक नवे घातले, पुढचा पत्रा ठोकून दिला, आणि दत्तकपत्र रद्द म्हणाला.

पहिल्या दिवशी रिकाम्या मैदानावर मी स्टिअरिंगमागे बसले आणि बाबा शेजारी. माझे हात इतके ओले की चाक निसटत होतं. मी म्हटलं, "तुमच्याकडचा ब्रेक आहे ना? मी चुकले तर दाबाल?" त्यांनी वाकून दोन्ही बूट काढले, मागच्या सीटवर टाकले, आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसले.

"असं काय बसता?"

"पाय खाली असले तर मला वाटेल मी दाबला. आणि तुला वाटेल बाबांनी दाबला. दाबलेला कुणीच नसेल. त्यापेक्षा हे बरं. चल, क्लच सोड. हळू. हळू म्हणजे हळू, कापड फाडतेस का?"

हँडब्रेक, इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला वाटायचं, गाडी चालवणं म्हणजे हातापायांचं काम. ते अखंड बोलत होते. समोर काय आहे, काय येऊ शकतं, तो सायकलवाला मागे बघेल का, त्या भिंतीआडून काय निघेल. पायाची उणीव ते दोन-दोन वाक्यं आधी भरून काढत होते. ओरडतातही भरपूर. मी सतरा वेळा गाडी बंद पाडली की किती, मोजायचं सोडून दिलं. एकदा इतक्या जोरात ब्रेक मारला की मांडी घातलेले बाबा डॅशबोर्डवर आले. मी रडवेली. ते चष्मा शोधत म्हणाले, "छान. थांबलीस ना? मग छान."

कुठली गाडी ते अजून ठरलेलं नाही. बाबा राखाडीवर अडून आहेत आणि मी पांढरीवर आलेय. का, ते मला विचारू नकोस, मला नीट सांगता येणार नाही. मी तक्ता आता वाचू शकते, टॉर्कही कळतो, आणि तरीही जितकं कळतं तितकं ठरवणं अवघड होत चाललंय. इस्त्रीवाली म्हणते, "ज्या रंगाची धूळ कमी दिसते ती घ्या." तिचं बरं आहे.

काल पहिल्यांदा मी मैदानावरून थेट घरी गाडी आणली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. मागे हॉर्नची रांग. बाबा मांडी घालून, खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जा, पुढे जा करत होते. घरापाशी मी गाडी लावली, बंद केली, आणि तशीच बसून राहिले. ते उतरले. खाली बघत बूट घातले. मग सवयीनं समोरून वळसा घालून ड्रायव्हरच्या दारापाशी आले, आणि तिथे मला बघून थबकले. त्यांना माझ्यासाठी दार उघडायचं होतं का रोजच्यासारखं आत बसायचं होतं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी बाहेरून हँडल ओढलं, त्याच वेळी मी आतून. आपल्या जुन्या गाडीचं तुला माहीत आहे, दोन्हीकडून एकदम ओढलं की दार उघडत नाही. आम्ही दोघंही ओढत राहिलो. काचेपलीकडे ते काहीतरी म्हणत होते, काच वर होती, ऐकू आलं नाही. मीही काहीतरी म्हणत होते.

मग बाबांनी हात सोडला.

तुझी,
कात्री